खांब ते खांब
(सदर : पोस्टाची पिशवी)

बालदोस्तांनो,

या आठवड्याची पिशवी चांगली जड होती. त्यातली निम्मी पत्रं ‘अभ्यासाला बसलं की झोप का येते’ या एकाच प्रश्नावर! (त्याचं उत्तर पुढच्या अंकात. तोवर झोपून घ्या.) पण एक पत्र वाचलं आणि मी बाकीची पिशवी बाजूला सारली. ते आलंय इचलकरंजीहून. लिहिणारी सातवीत आहे. ‘माझं नाव छापू नका’ या वाक्याखाली तिनं दोन रेघा ओढल्यात, तेव्हा मी तिला नुसतं ‘इचलकरंजीकर’ म्हणेन.

तिचे आजोबा जॉबर. इचलकरंजीच्या मुलांना हा शब्द सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. माग बिघडला की तो दुरुस्त करणारा कारागीर म्हणजे जॉबर. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला, आणि तेव्हापासून गावात रात्रंदिवस खटखट चालू आहे. कुठला माग नीट चाललाय आणि कुठला कण्हतोय हे आजोबांना म्हणे रस्त्यावरून जाताना नुसत्या आवाजावरून कळायचं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सकाळी चहा पिताना त्यांच्या हातातून कप पडला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. आजी म्हणाली, “अंगावरनं वारं गेलं गं!”

आता दोन महिने झालेत. आजोबा घरी आहेत. उजवा हात मांडीवर पडून असतो, उजवा पाय ओढत ओढत चालतो आणि बोलणं घशात अडकतं. गल्लीतल्या दहा पोरांनी मिळून ठरवलं, की घरोघर फिरून पैसे गोळा करायचे आणि आजोबांना चार पायांची काठी घ्यायची, व्यायाम शिकवायला घरी येणाऱ्या बाईंची फीही द्यायची. बेत आजोबांच्या कानावर गेला. ते जुळवून जुळवून एवढंच म्हणाले, “मी... भिकारी... हाय व्हय?” आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी व्यायामही केला नाही.

“काका, आमचं काय चुकलं? आणि आजोबा परत चालतील का?” असे दोन प्रश्न तिनं विचारलेत. अगोदर दुसऱ्याचं उत्तर देतो. ते सोपं नाही, पण पहिल्यापेक्षा सोपं आहे.

हे वारं म्हणजे काय, ते आधी बघू. वाऱ्याचा याच्याशी काहीच संबंध नाही, बरं का! पुस्तकातलं नाव पक्षाघात किंवा अर्धांगवायू. गडबड होते ती मेंदूत. आपल्या मेंदूचं वजन साधारण १४०० ग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाच्या वजनाच्या पन्नासाव्या हिश्शाएवढं. पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा हा एकटा खातो! तो त्याला रक्तातून मिळतो. रक्ताच्या एखाद्या नळीत गुठळी अडकली किंवा नळी फुटली, की पुढच्या भागाचा पुरवठा बंद. गुठळीचे प्रकार बरेच जास्त, फुटण्याचे कमी.

इचलकरंजीकर, तुला हे चटकन कळेल. समजा, तुमच्या गल्लीचा डीपी उडाला. सगळे माग थांबतात. मागांमध्ये काही बिघाड झालाय का? नाही. धोटा जागेवर आहे, कांडी भरलेली आहे, बीम चढवलेला आहे. फक्त करंट येत नाही. आजोबांच्या पायाचं तसंच झालंय. पाय चांगला आहे, स्नायू चांगले आहेत, पण ‘उचल पाय’ हा हुकूमच पोचत नाही. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा भाग डावी. शिवाय बहुतेकांचं बोलणं डाव्या भागात असतं. म्हणून उजवी बाजू गेली की पुष्कळदा बोलणंही अडखळतं.

मग करंट परत येतो का? डीपी दुरुस्त होतो तसा मेंदूचा मेलेला भाग दुरुस्त होत नाही. पण मेंदू एक गंमत करतो. शेजारच्या, शाबूत असलेल्या भागांकडून तो जुनी कामं करून घ्यायला लागतो. दुसऱ्या गल्लीतून तार ओढून आणावी तसं. ही तार एका दिवसात ओढली जात नाही. तीच हालचाल शेकडो वेळा, हजारो वेळा करावी लागते, तेव्हा कुठं वाट तयार होते. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सगळ्यात भराभर होते. पुढं ती मंदावते, पण थांबतेच असं नाही. पुष्कळ जण पुन्हा चालू लागतात. पाय बहुधा लवकर सुधारतो, हात मागं राहतो. काही जण मात्र पूर्वीसारखे होत नाहीत, हेही खरंच आहे. आजोबा कुठल्या गटात, हे मी इथं बसून सांगू शकत नाही. त्यांचे डॉक्टरही आज छातीठोकपणे सांगणार नाहीत. पण दोन महिन्यांत ते पाय ओढत का होईना चालतायत, ही चांगली खूण आहे. आणि व्यायामाचा एक दिवस बुडाला ही वाईट गोष्ट आहे.

तुझ्या पत्रात आणखी दोन बारीक गोष्टी होत्या, त्या वाचून वाटलं की तू घाबरली आहेस. आजोबा मधेच कारण नसताना रडतात, असं तू लिहिलंस. वारं गेलेल्या पुष्कळ माणसांचं असं होतं. रडू-हसू आवरणारा लगाम थोडा ढिला होतो. दर वेळी त्यांना दुःखच झालेलं असतं असं नाही. आणि ‘बोलता येत नाही पण परवा भजन लागलं तर सगळं म्हटलं’ हेही खरं असू शकतं, तू स्वप्नात नव्हतीस! बोलणं मेंदूच्या डाव्या भागात, पण पाठ असलेलं गाणं म्हणताना उजवा भागही मदतीला येतो. म्हणून शब्द अडणारी माणसं कधी कधी अख्खा अभंग म्हणून जातात. रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर म्हणत जा. फक्त ते एखादा शब्द शोधत असले की तो तू पटकन बोलून टाकू नकोस. थांब. आणि ओरडून बोलू नकोस, त्यांचे कान शाबूत आहेत.

आता पहिला प्रश्न. तुमचं काय चुकलं?

मला वाटतं, मन चुकलं नाही, पद्धत चुकली. त्यासाठी दोन-तीन माणसांची ओळख करून देतो.

पहिलं नाव तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात आहेच : महात्मा जोतीराव फुले. मे १८८८ मध्ये मुंबईत लोकांनी मोठा समारंभ करून त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. पुढं दोनच महिन्यांनी, जुलैत, त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टर विश्राम रामजी घोले या त्यांच्या मित्रानं उपचार केले, सावित्रीबाईंनी शुश्रूषा केली. जिवावरचं टळलं, पण उजव्या हातानं लेखणी धरता येईना. आयुष्यभर लिहिणाऱ्या माणसाचा उजवा हात! जोतीरावांनी काय केलं? डाव्या हातानं लिहायला सुरुवात केली. तुम्ही आत्ता, हा अंक खाली ठेवून, डाव्या हातानं आपलं नुसतं नाव लिहून बघा. (डावखुऱ्यांनी उजव्या हातानं.) जमलं का? जोतीरावांनी डाव्या हातानं अख्खं पुस्तक लिहिलं, ‘सार्वजनिक सत्यधर्म’. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले आणि पुस्तक १८९१ मध्ये छापून निघालं.

याला आणखी एक बाजू आहे, ती पाठ्यपुस्तकात सहसा नसते. आजारपणात घरात पैशांची ओढाताण झाली. एके काळी मोठमोठी बांधकामाची कंत्राटं घेणारा हा माणूस. त्यांच्यासाठी मामा परमानंद या स्नेह्यानं १८९० मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना मदतीसाठी पत्र लिहिलं. म्हणजे बघ, वारं नुसतं अंगावरून जात नाही, घरावरूनही जातं. मदत लागणं यात लाज काहीच नाही. जोतीरावांनाही लागली. पण त्या दिवसांत ते नुसते मदत घेणारे होऊन बसले नाहीत. त्यांच्याकडं द्यायला एक पुस्तक होतं आणि ते त्यांनी पुरं केलं.

दुसरा माणूस इंग्लंडचा. टॉम मूर. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात होता, तेव्हा मुंबईलाही राहून गेला होता. २०२० साली, करोनाच्या टाळेबंदीत, तो ९९ वर्षांचा होता. वारं गेलेलं नव्हतं, पण दोन वर्षांपूर्वी पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि तो चाकाच्या वॉकरला धरून चालायचा. त्यानं ठरवलं, की शंभरावा वाढदिवस ३० एप्रिलला आहे, तोवर घराच्या अंगणात १०० फेऱ्या मारायच्या. एक फेरी २५ मीटरची. म्हणजे सगळ्या मिळून अडीच किलोमीटर! तुमच्यातला कुणीही शाळेत जाता-येता एवढं चालत असेल. या फेऱ्यांसाठी लोकांनी पैसे द्यावेत आणि ते सरकारी दवाखान्यांच्या मदतनिधीला जावेत, अशी कल्पना. अपेक्षा होती १००० पौंडांची. जमले जवळजवळ ३ कोटी ३० लाख पौंड.

त्याचं बघून टोनी हजेल नावाचा एक मुलगा उठला. वय वर्षं ५, दोन्ही पाय गुडघ्याखाली नाहीत. जून २०२० मध्ये कृत्रिम पाय आणि कुबड्या घेऊन त्यानं महिनाभरात १० किलोमीटर चालायचं ठरवलं. ज्या लंडनच्या दवाखान्यानं त्याचा जीव वाचवला होता, त्या दवाखान्यासाठी. अपेक्षा ५०० पौंड, जमले १० लाखांहून जास्त.

आकडे बाजूला ठेव. ते परदेशातले, टीव्हीवर झळकल्यामुळं फुगलेले. इचलकरंजीच्या गल्लीत तसं होणार नाही आणि व्हायला नकोही. बघायचं ते वेगळंच. टॉमआजोबांसाठी कुणी पैसे मागत फिरलं नाही. टोनीसाठीही नाही. ते स्वतः चालले, आणि त्यांच्या चालण्यातून दुसऱ्या कुणाला तरी काही मिळालं. म्हातारा आणि लहानगा, दोघेही देणारे होते. तुझे आजोबा इतकी वर्षं लोकांचे बंद पडलेले माग चालू करून देत आले. ‘जॉबरला बोलवा’ असं सगळे म्हणायचे. आता एकदम सगळे ‘जॉबरसाठी द्या’ म्हणायला लागले, तर ते भिंतीकडं तोंड करणारच की!

तेव्हा माझा बेत ऐक. तो आजोबांना तूच सांग, आणि ते नाही म्हणाले तर सोडून दे.

तुमच्या गल्लीत विजेचे खांब असतीलच. आजोबांनी रोज खांब ते खांब चालायचं. गल्लीतल्या घरांनी आधीच सांगायचं, खांबामागं किती देणार. चार आणे आता चालत नाहीत, तेव्हा रुपया म्हणू. आणि हे पैसे कुणाला द्यायचे ते आजोबांनीच ठरवायचं. दवाखान्यात त्यांच्या शेजारच्या खाटेवर कुणी होतं का, ज्याला काठी घेणंही जमलं नाही? विचार त्यांना. त्यांना बरोबर आठवेल. त्यांच्या स्वतःच्या काठीचं आणि फीचं काय, असं तू म्हणशील. ते मोठ्यांनी बघायचं काम आहे. आईबाबांना म्हणावं, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं काही बसतं का, याची दवाखान्यात चौकशी करा. (हो, तेच जोतीराव!) आणि तरीही कमी पडलं तर शेजाऱ्यांकडून घेऊ देत. एका हातानं देणाऱ्याला दुसऱ्या हातानं घेताना एवढं जड जात नाही.

सुरू करण्याआधी व्यायामाच्या बाईंना विचारायचंच. किती खांब, हे त्या ठरवतील, तू नाही आणि आजोबाही नाहीत. काठी चांगल्या हातात, म्हणजे डाव्या. शेजारी घरातलं कुणी तरी मोठं माणूस हवं, आणि ते लुळ्या बाजूला. लुळ्या हाताला धरून आजोबांना कधीही ओढायचं नाही, त्यांचा खांदा निखळू शकतो. सपाता नकोत, मागून पट्टा असलेलं पायताण हवं. वेळ सकाळची, बीम घेऊन टेम्पो सुरू व्हायच्या आधीची. आणि दर खांबापाशी एक खुर्ची. तुम्ही दहा जण आहात, एकानं खुर्ची पुढं नेत जायची. हे काम सगळ्यात महत्त्वाचं आहे, त्याला शहाणा मुलगा नेमा.

पैसे फक्त ओळखीच्या घरांतून घ्यायचे आणि डबा एखाद्या मोठ्या माणसाच्या घरी ठेवायचा. वहीत तारीख, खांब, जमा, आणि खाली दोघांच्या सह्या. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पैशांना कसल्या सह्या? सांगतो. टॉमआजोबांनी जमवलेले पैसे दवाखान्यांच्या निधीला नीट पोचले. पण त्यांच्या नावानं घरच्यांनी नंतर एक वेगळी संस्था काढली, तिच्या कारभारावर इंग्लंडच्या धर्मादाय आयोगानं २०२४ मध्ये ठपका ठेवला. टॉमआजोबा तर २०२१ मध्येच वारले होते. चांगल्या माणसाच्या नावाला असा डाग लागलेला बघून मला फार वाईट वाटलं. तुमच्या तालुक्यातल्या कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील रयत शिक्षण संस्थेसाठी घरोघरचं मूठमूठ धान्य मुष्टिफंडात घ्यायचे. मूठ लहान असली तरी ती दुसऱ्याची असते. म्हणून सह्या.

आणि फोनवर आजोबांचा चालतानाचा व्हिडिओ काढून चार ठिकाणी पाठवायचा मोह होईल. त्यांना विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही. ओढलेलं तोंड जगाला दाखवावं असं सगळ्यांनाच वाटत नाही.

आता बाकीच्या सगळ्या दोस्तांसाठी, कारण दुपारी घरी पुष्कळदा तुम्ही आणि आजी-आजोबा एवढेच असता. कुणाचं तोंड अचानक वाकडं दिसलं, तर त्यांना हसायला सांगा. दोन्ही हात वर करायला सांगा. एक सोपं वाक्य बोलायला सांगा. हसू वाकडं आलं, एक हात खाली घसरला किंवा शब्द बरळल्यासारखे आले, यातलं एक जरी झालं, तरी थांबायचं नाही. घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा, मोठ्यांना हाक मारा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘केव्हा झालं?’ हाच असतो. पुरवठा तुटलेल्या मेंदूत मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात असा शास्त्रज्ञांचा हिशोब आहे. तेव्हा ‘संध्याकाळपर्यंत बघू’ नाही. चहा-पाणी पाजायचं नाही, गिळता न आल्यानं ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. आणि कबुतराचं रक्त चोळायचा सल्ला द्यायला कुणी तरी येतंच! त्यांना नमस्कार करा, कबुतराला उडू द्या आणि गाडी बोलवा.

पालकांनो, तुम्हीही हे पान वाचता हे मला ठाऊक आहे. रक्तदाबाची गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद केली असेल, तर डॉक्टरांना आज विचारा. तंबाखूचं मी बोलत नाही, ते तुमची मुलं बोलतील.

इचलकरंजीकर, तुझ्या वहीचा पहिला आठवडा भरला की मला कळव. खांब किती झाले, पैसे कुणाला द्यायचे ठरले, आणि आजोबा किती वेळा रुसले. तिन्ही आकडे हवेत. एखाद्या दिवशी खांब शून्य असेल तर शून्यच लिही, खोडू नकोस. आणि एक काम माझ्याकडून. रस्त्यानं जाताना आजोबांना विचार, कुठला माग कण्हतोय. कानानं ओळखायचं ते काम अजून त्यांच्याइतकं तुमच्या गल्लीत कुणालाच येत नसणार.

तुमचा,
पोस्टमनकाका